बटवा प्रकल्प: सोसायटीच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१ जून, रविवार

कमिटीची मीटिंग झाली, विषय पत्रिकेत नसलेला विषयच सगळ्यात जास्त चालला, तो म्हणजे ग्रुपवरचे औषधांचे फॉरवर्ड. यंदा पाऊस मे महिन्यातच २६ तारखेला येऊन टपकला आणि त्याबरोबर पपईच्या पानांचा रस, कापूर-लवंगाची पुरचुंडी, कांदा पायमोज्यात ठेवून झोपा, असलं सगळं पण आलं. सेक्रेटरी काका म्हणाले ग्रुपवर बंदी घाला, २०२ च्या काकू म्हणाल्या बंदी कसली घालता, आमच्या सासूबाईंनी अख्खी चाळ ओव्याच्या शेकावर वाढवली. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि शेवटी नेहमीप्रमाणे "तूच बघ जरा" म्हणून माझ्याकडे आलं.

तर ठरलंय ते असं. लिफ्टजवळच्या फळ्याचा अर्धा भाग आपला, एक जाड रजिस्टर वॉचमन केबिनमध्ये, आणि टेरेसवर काही कुंड्या. पैसे गेल्या वर्षीच्या गणपतीच्या वर्गणीतून उरलेले. रजिस्टरला रकाने चार: काय, कोणाकडून आलं, किती आणि कसं, आणि कधी थांबून डॉक्टरकडे जायचं. दुसरा रकाना मी हट्टाने घातलाय. फॉरवर्डला आईबाप नसतात, कोणी म्हटलं, कोणाला लागू पडलं, कोणाला नाही, काही कळत नाही. घरातला काढा तसा नसतो, तो कोणाच्या तरी हातचा असतो, आणि त्या माणसाला जाऊन विचारता येतं की बाई गं नक्की किती घालतेस.

सी विंगमधल्या डॉक्टर ताई (बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीधर आहेत, स्वतःचं क्लिनिक आहे) दर नोंद वाचून मगच फळ्यावर जाईल ह्या अटीवर तयार झाल्या. म्हणाल्या मी कापाकापी करेन, रडायचं नाही.

८ जून, रविवार

आज आज्यांची बैठक, माझ्याच घरी, पोहे आणि चहा. आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात जुनी माणसं अजून टिकून आहेत हे नशीब, आजूबाजूच्या रीडेव्हलपमेंटमध्ये निम्मी भाड्याने बदलापूर-अंबरनाथला गेली आणि त्यांचे बटवे पण त्यांच्याबरोबर गेले.

पहिली अडचण मापांची. सगळं चिमूटभर, बोटाच्या पेराएवढं, सहाणेवर चार वळसे, दोन दाणे इकडे तिकडे. ४०३ च्या आजी जायफळ उगाळताना वळसे मोजतात ते उगाच नाही हे डॉक्टर ताईंनीच सांगितलं, जायफळ जास्त झालं तर खरंच चढतं, भ्रम होतो, छाती धडधडते. म्हणजे वळसा हे मापच आहे, फक्त ते त्या हातालाच कळतं. मी मापाचे चमचे घेऊन बसले होते तर आज्या हसायला लागल्या. पण मग एकेकीने चिमूट भरून माझ्या चमच्यात टाकली आणि बघतो तर एकीची चिमूट दुसरीच्या दुप्पट. त्यानंतर कोणी हसलं नाही.

दुसरी अडचण गुटीची, इथे भांडण झालं. बाळगुटी, वेखंड, मध चाटवणं. डॉक्टर ताईंनी सरळ काट मारली. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध सोडून काहीही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबातच नाही कारण मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. १०५ च्या आजी उठूनच निघाल्या, "आमची पोरं काय मेली का". त्यांना थांबवायला मला जिन्यापर्यंत जावं लागलं. शेवटी तोड निघाली की तेल लावून मालिश, कोमट पाण्याची अंघोळ, आणि ओव्याच्या पुरचुंडीचा शेक हे राहील, पण पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. आजी परत येऊन बसल्या आणि मालिशची नोंद त्यांच्याच नावाने घेतली, पाऊण पान झालंय, रजिस्टरमधली आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली नोंद तीच आहे.

१५ जून, रविवार

हळद. लालबागच्या मिरची गल्लीत गेलो, मी आणि २०२ च्या काकू. मसाल्याचा सीझन संपल्यामुळे गर्दी नव्हती, दुकानदार बोलायला मोकळा. सांगलीची हळकुंडं घेतली (सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचाच माल असल्याचा सरकारी शिक्का, मिळालाय) आणि डोळ्यासमोर दळून घेतली. महाग पडली का, हो थोडी, पण सुट्या पावडरीत रंगासाठी काय काय घालतात ते ऐकल्यावर काकूच म्हणाल्या की हळकुंडच घे.

संध्याकाळी नोंद लिहिताना जरा वाचत बसले. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा घटक, वजनाच्या जेमतेम काही टक्के, साधारण दोन ते पाच, आणि ते पण शरीरात फारसं शोषलं जात नाही. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पिपरीन म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक देऊन बघितला तर रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. आता आमच्या घरी हळदीच्या दुधात दोन मिरे ठेचून घालायची पद्धत कधीपासूनची आहे ते कोणाला माहीत नाही, आईला विचारलं तर म्हणाली "तसंच करतात". पण ह्यावरून लगेच छाती फुगवायची गरज नाही कारण प्रयोगात दिलेलं कर्क्युमिन आपल्या अर्ध्या चमच्यात नसतंच. घसा खवखवत असताना गरम दूध पिऊन बरं वाटतं, झोप लागते, एवढं लिहिलंय. ज्यांना पित्ताशयात खडे आहेत किंवा रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नयेत, जेवणातली हळद चालते.

आणि पेटंटची गोष्ट फळ्यावर टाकलीच, मोह आवरला नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं, मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला, आपल्या सीएसआयआरने (केंद्र सरकारची वैज्ञानिक संशोधन संस्था) जुने संस्कृत ग्रंथ आणि छापील पेपर पुराव्याला लावून ते लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक होते. माशेलकर सर गिरगावातल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना मी ते जरा जास्तच रंगवून सांगितलं.

२५ जून, बुधवार

कुंड्या लागल्या. तुळस, गवती चहा, पानओवा, अडुळसा, कोरफड, आणि कढीपत्ता (कढीपत्ता औषध म्हणून नाही, फोडणीला मागायला सारखं कोणीतरी दार वाजवतं म्हणून). गुळवेल पण लावायची असा आग्रह होता, त्याबद्दल पुढे लिहीन.

अडुळशाची नोंद डॉक्टर ताईंनी स्वतः लिहिली. त्याच्या पानात व्हॅसिसिन असतं, त्यावरून ब्रोमहेक्झिन बनलं आणि त्याच्याच पुढचं अँब्रॉक्सॉल, म्हणजे केमिस्टकडून आणलेल्या खोकल्याच्या बाटलीवर बारीक अक्षरात जे छापलेलं असतं त्याचा खापरपणजोबा आपल्या टेरेसवर ड्रममध्ये उभा आहे. गरोदर बाईने मात्र अडुळसा घ्यायचा नाही, हे लाल पेनाने.

कुंड्यांखालच्या ताटल्या सगळ्या काढून टाकल्या. एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे औषधी वनस्पतींच्या नादात सोसायटीलाच डेंग्यू आणायचा. पालिकेची माणसं टेरेस बघायला येतात तेव्हा आधी ताटल्याच बघतात. दर शनिवारी कोरडा दिवस, ड्रम, ताडपत्रीची घडी, टाकीचं झाकण, सगळं बघायचं, ह्याची जबाबदारी बी विंगच्या कॉलेजच्या दोन मुलांनी घेतली आणि खरंच पाळतायत.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

उपासाच्या दिवशी अॅसिडिटीच्या नोंदी आपोआप येतात. शेंगदाण्याचे लाडू, साबुदाणा वडे, बटाट्याचे वेफर्स आणि मग संध्याकाळी "काहीतरी सांग गं". ३०४ च्या काकू म्हणाल्या वरी आणि ताक घ्या, उपास आपोआप सोसतो, आणि ह्यात औषध असं काही नाहीच. ती नोंद तशीच घेतली.

आजपासून आभाराचा डबा सुरू. जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वर फट पाडलेली, लिफ्टजवळ. आठवड्यात ज्याचे आभार मानावेसे वाटले ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं, नाव घालायचं की नाही ते आपलं आपण. ही कल्पना माझ्या भाचीची, ती सायकॉलॉजी शिकते. तिने मला २००३ चा एक अभ्यास दाखवला, एमन्स आणि मॅकलॉ ह्या दोघांचा, त्यात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे दर आठवड्याला पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं, दुसऱ्या गटाने कटकटी लिहायच्या. कृतज्ञतेवाल्यांच्या दुखण्याच्या तक्रारी कमी निघाल्या आणि कटकटीवाल्यांपेक्षा ते आठवड्याला जवळपास दीड तास जास्त व्यायाम करत होते. त्याच पेपरात रोज लिहायला लावलेल्या विद्यार्थ्यांमध्ये तब्येतीचा फरक दिसला नाही, हे पण तिने सांगितलं, म्हणजे जादू वगैरे नाही. पण फुकट आहे, साइड इफेक्ट नाही आणि पत्र्याचा डबा घरात पडूनच होता.

सेक्रेटरी काका म्हणाले ह्यात तक्रारीच येतील बघा, पार्किंगच्या.

१३ जुलै, रविवार

पहिला डबा उघडला. पार्किंगची तक्रार एकच. बाकी चिठ्ठ्या वाचून मात्र जांभया आल्या, देवाचे आभार, आईवडिलांचे आभार, निसर्गाचे आभार, आरोग्याबद्दल आभार, सगळं शाळेच्या निबंधासारखं, कोणी लिहिलं ते ओळखू येत नाही आणि वाचून कोणाला काही होत पण नाही. भाचीला फोन केला. ती म्हणाली रोजरोज किंवा तेच तेच लिहिलं की मन बधिर होतं, कॅलिफोर्नियात ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघितलं होतं की आठवड्यातून एकदा मोजणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा मोजणाऱ्यांना नाही.

म्हणून डब्यावर नवीन सूचना चिकटवली: ह्या आठवड्यात, कोणी, काय केलं. देव आणि निसर्ग वगळून. ४०३ च्या आजी म्हणाल्या देवाला वगळता म्हणजे काय, मी म्हटलं आजी त्यांचे आभार तुम्ही सकाळी मानताच की, आणि त्यांना चिठ्ठी टाकायला लागत नाही.

२० जुलै, रविवार

सकाळच्या वॉकवाल्या काकांचा दुधीचा रस. बागेच्या गेटबाहेर स्टीलच्या किटल्या घेऊन बसतात ना, कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर, सगळ्यांचे वेगवेगळे नळ, प्लास्टिकच्या ग्लासात. आमचे काका रोज दुधीचा पितात, बीपीला चांगला म्हणून, आणि त्यांना तो सगळ्यांसाठी फळ्यावर हवा होता.

डॉक्टर ताईंनी इथे जी नोंद लिहिली ती मी शब्दशः ठेवते: रस कडू लागला तर एक घोटही गिळू नका, थुंका. दुधीत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची कडू विषं जास्त तयार होतात, २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ असा कडू रस पिऊन दगावले, त्यानंतर आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) समिती नेमली आणि तिनेही हेच सांगितलं की आधी तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या, आणि रस प्यायल्यावर उलट्या-जुलाब किंवा अस्वस्थ वाटलं तर ताबडतोब हॉस्पिटल. गंमत म्हणजे भाजी करताना आपल्या सगळ्या आया दुधीचा तुकडा चाखतातच. रसात ती सवय सुटते, कारण "औषध कडूच असतं" असं म्हणून माणूस नाक दाबून पिऊन टाकतो, आणि वर दुसऱ्या भाज्यांचा रस मिसळला की कडू कुठला तेही कळत नाही.

काका नाराज. पण त्यांनी विचारलं की मग मी काय पिऊ, आणि २०२ च्या काकूंनी त्यांना कोकमाच्या आगळाचं सरबत दिलं, साखर न घालता, जिरेपूड आणि चवीपुरतं मीठ. बीपी आहे म्हणून मीठ चिमूटभरच, तेही काकूंच्या चिमटीने, त्यांची लहान आहे.

२७ जुलै, रविवार

नव्या सूचनेनंतरचा डबा. फरक लगेच दिसला. काही चिठ्ठ्या इथे उतरवते.

"मंगळवारी ताप होता तर समोरच्या काकूंनी मऊ भात आणि मेतकूट आणून दिलं, डबा परत न्यायला दोन दिवस आल्या नाहीत म्हणजे मला घासायची घाई नको म्हणून."

"वॉचमन काकांनी रात्री दीडला रिक्षा आणली."

"आईने पाठीला तेल लावलं. मी ३१ वर्षांचा आहे."

"सुनेने माझ्या गोळ्या सोमवार ते रविवार अशा डबीत भरून ठेवल्या, तिला सांगू नका मी लिहिलंय."

शेवटची वाचताना सगळ्यांनी ओळखलं कोण ते, हस्ताक्षर मोडी वळणाचं आहे, सोसायटीत तसं एकच. मला ह्यात एक दिसलं, आभार काढ्याचे कोणी मानलेलेच नाहीत. आलं, तुळस, हळद, एकाही चिठ्ठीत नाही. ज्याने आणून दिलं, उठून दिलं, न विचारता दिलं, त्याचं नाव आहे. बरं होण्यात नेमका वाटा कशाचा, आल्याचा की आणून देणाऱ्याचा, हे मला वेगळं काढता येत नाही आणि काढायची फार घाई पण नाही. पण रजिस्टरचा दुसरा रकाना उगाच घातला नव्हता एवढं नक्की.

१० ऑगस्ट, रविवार

गुळवेल. दोन आठवडे हाच वाद, आता मिटवून टाकते.

कोविडमध्ये अर्ध्या मुंबईने गुळवेलीचा काढा प्यायला. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद छापली ज्यांना गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झाली होती, पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांचा मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने हे मान्य केलं नाही, त्यांचं म्हणणं की सारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल, वेल नीट ओळखलेलीच नाही. डॉक्टर ताईंचं म्हणणं मला पटलं. त्या म्हणाल्या मी स्वतः गुळवेल देते, पण बघून, ठराविक दिवस, आणि ज्याला थायरॉइड किंवा इतर ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो) त्रास आहे त्याला देत नाही, टेरेसवर लावली की कोण किती तोडून उकळतंय ते कोण बघणार. म्हणून लावायची नाही. मतदान घेतलं नाही, ह्यात मतदान कसलं.

ज्येष्ठमधावर पण ताशेरे आले. खोकल्याला तुकडा चघळणं चालेल, पण रोज काढ्यात घातलं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. आमच्याकडे बीपीवाले किती आहेत ते मोजायला नको, लिफ्ट बंद पडली की कळतं.

शिवाय ए विंगच्या वकील साहेबांनी फळा वाचून सांगितलं की "मधुमेह बरा होतो", "मुतखडा विरघळतो" असली वाक्यं कोणी लिहायला सांगितली तरी लिहू नका, १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, मुतखडा सगळं येतं. तो कायदा जाहिरातींसाठी आहे, आपला फळा काही जाहिरात नव्हे, पण भाषा तरी तशी नको. ते मला एकदम मान्य. त्या दिवसापासून फळ्यावर "बरं होतं" हा शब्दच नाही, "बरं वाटतं" आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस झोपलोय कोण. सोमवारपासून जो धो धो लागला तो काल दिवसभर, शाळा-ऑफिसांना सुट्टी जाहीर झाली, सेंट्रल आणि हार्बर बंद, आपली माणसं कुठे कुठे अडकलेली. ३०१ चा मुलगा कुर्ल्यापासून चालत आला, कमरेएवढ्या पाण्यातून, पायाला खरचटलेलं. आल्या आल्या त्याच्या आईने गरम पाणी, हळद, आल्याचा चहा, सगळं केलं आणि फळ्यावर बघायला खाली आली की अजून काय देऊ.

फळ्यावर ह्यासाठी जुलैमध्येच ताईंनी लिहून ठेवलं होतं: साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर घरगुती काही नाही. साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा, लेप्टोची प्रतिबंधक गोळी लागेल का ते ते सांगतील. उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात उतरलेले लेप्टोस्पायराचे जंतू खरचटलेल्या कातडीतून आत जातात, हळदीला ते विचारत नाहीत. आज सकाळी तो आपला दवाखान्यात जाऊन आला, गोळी घेतली. त्याच्याबरोबर अजून चौघं गेले, ज्यांनी एरवी "काही होत नाही रे" म्हटलं असतं.

दुपारी दोन घरांत जुलाब सुरू झाले, टाकीच्या पाण्याचा संशय आहे, पाणी उकळून प्या असा मेसेज टाकला आणि टाकी उपसायला सांगितली. मीठ-साखर पाण्याचं माप मोठ्या अक्षरात वर घेतलं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट, शीग नाही, इथे चिमूट चालणार नाही. केमिस्टकडे ओआरएसची पुडी मिळाली तर पुडीच घ्या. लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं तर थांबायचं नाही.

हे मीठ-साखर पाणी मला ह्या अख्ख्या रजिस्टरमधलं सगळ्यात मोठं औषध वाटतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ होती, सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं द्रावण करून घेतलं आणि पाजायचं काम पेशंटच्या घरच्यांनाच दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर. जिवंतपणी कोणी आभार मानले की नाही देव जाणे. मी आज एक चिठ्ठी त्यांच्या नावाने टाकली, नियमात बसत नाही पण टाकली.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. गणपतीच्या मंडपात आपला एक टेबल लावलाय, रजिस्टरची झेरॉक्स, कुंड्या, आणि पत्रीची एक परडी. दादरच्या फुलबाजारातून पत्री आणली, आणि मुलांना एकेक पान ओळखायला लावलं, दूर्वा, आघाडा, माका, बेल, तुळस, डोरली. मोठ्यांनाच आली नाहीत. माका म्हणजे केसांच्या तेलाच्या बाटलीवरचा माका हाच, हे कळल्यावर एका बाईने चक्क पान हुंगून बघितलं.

गर्दीत खोकला पसरलाय त्यामुळे टेबलवर सगळ्यात जास्त विचारणा गुळण्यांची. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. जपानमध्ये २००५ मध्ये एक चाचणी छापून आली होती, त्यात नुसत्या साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना सुद्धा सर्दी-खोकला कमी झाला होता, म्हणजे मीठ नसेल तरी अडून बसू नका. वाफेबद्दल मात्र मी सगळ्यांना एकच सांगत होते, पोरांना पातेल्यावर वाकवून बसवू नका, उकळतं पाणी मांडीवर लवंडून भाजलेली पोरं हॉस्पिटलात येतात, आणि सर्दी वाफेने लवकर जाते असं काही सिद्ध झालेलं नाही. नाक मोकळं होतं, तेवढ्यापुरतं.

दोघांना डेंग्यू निघालाय, डी विंग. पपईच्या पानाचा विषय परत. ताईंनी फळ्यावर जे लिहिलं ते कडक आहे: रस प्यायचा तर डॉक्टरला सांगून प्या, पण ब्लड टेस्ट चुकवू नका, पाणी भरपूर, तापाला फक्त पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन-ब्रूफेन अजिबात नाही, रक्तस्राव होऊ शकतो. ताप उतरल्यावर पोट फार दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यातून रक्त आलं तर तेच खरं धोक्याचं, लोक नेमकं तेव्हाच "उतरला ताप" म्हणून निवांत होतात.

रात्री आरतीनंतर चिठ्ठ्या माईकवर वाचल्या, नावं न घेता. ३०१ च्या मुलाची चिठ्ठी होती, "जबरदस्तीने दवाखान्यात पाठवणाऱ्या बायकांचे आभार, दोन तास लाइनीत गेले". टाळ्या पडल्या. १०५ च्या आजींसाठी तर तीन चिठ्ठ्या निघाल्या, नव्या बाळंतिणीला रोज जाऊन मालिश शिकवतात म्हणून, आजी म्हणाल्या इश्श, आणि मग मधाचा विषय परत काढलाच.

१४ सप्टेंबर, रविवार

हिशोब कमिटीला दिला, ड्रम, माती, हळकुंडं, लॅमिनेशन, थोडे पैसे उरलेत. रजिस्टरचं दुसरं पुस्तक सुरू करावं लागेल, पहिलं भरत आलं. तुळस पावसाने सडली ती नवीन लावलीय, गवती चहा मात्र जंगल झालाय, ज्याला हवा त्याने शनिवारी कोरड्या दिवसाला येऊन कापून न्या, मुळासकट उपटू नका प्लीज, मागच्या वेळी कोणीतरी उपटलाय.

जुन्या नोंदी डॉक्टर ताई दर सहा महिन्यांनी परत वाचणार. ज्यांच्या नावावर नोंद आहे आणि जे आता सोसायटी सोडून चाललेत (बी विंगची दोन घरं पनवेलला), त्यांचे फोन नंबर मी माझ्याकडे ठेवलेत, रजिस्टरमध्ये नाही. डबा चालू राहील, महिन्यातल्या शेवटच्या रविवारी उघडायचा, वाचायचं काम आळीपाळीने, पुढची पाळी सेक्रेटरी काकांची आणि ते आत्तापासूनच आवाज खाकरून बघतायत.

पुढचं काम दिवाळीचं उटणं. नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे नवरात्र संपलं की लगेच सामान आणायला हवं. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा, गुलाबपाकळी, चंदन पावडर परवडली तर. ज्यांना काही लावलं की पुरळ येतं त्यांनी आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबायचं, हे पुडीवरच छापू. दादरला कोण कोण येतंय ते शनिवारपर्यंत ग्रुपवर सांगा, सकाळची ७ ची स्लो पकडू, आणि पिशव्या आपापल्या आणा.